काचबिंदूवरील संशोधन

काचबिंदू हे एका आजाराचे नाव नाही. डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी दृष्टिचेता हळूहळू झिजवणाऱ्या आजारांचा तो गट आहे. या चेतेत सुमारे १० ते १२ लाख तंतू असतात, आणि मेलेला तंतू पुन्हा उगवत नाही. मोतीबिंदूत गढूळ भिंग काढून नवे बसवले की दिसू लागते. काचबिंदूत गेलेली नजर परत आणणारी शस्त्रक्रिया नाही. त्यातही सर्वाधिक आढळणारा प्रकार दुखत-खुपत नाही. नजर कडेकडून जाते, समोरचे वाचता येते, त्यामुळे माणूस चष्म्याचा नंबर बदलून घेतो आणि निर्धास्त राहतो. दक्षिण भारतातील पाहण्यांमध्ये दहापैकी नऊहून अधिक रुग्णांना आपल्याला काचबिंदू आहे याची कल्पनाच नव्हती.

संशोधनाचा इतिहास मुख्यतः डोळ्यातील दाबाभोवती फिरला. डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात सतत पाणी तयार होते आणि कोपऱ्यातील जाळीतून निचरून जाते. मोरीची जाळी तुंबावी तशी ही जाळी तुंबली की दाब चढतो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८५१ मध्ये डोळ्याच्या आत पाहण्याचे यंत्र केले, तेव्हा प्रथमच जिवंत माणसाची दृष्टिचेता दिसली. १८५७ मध्ये बर्लिनच्या फोन ग्रेफेने बुबुळाचा तुकडा कापून अचानक चढणारा दाब उतरवण्याची शस्त्रक्रिया मांडली. पणजीतील वैद्यकीय शाळा, म्हणजे आजच्या गोमेकॉची (गोवा मेडिकल कॉलेजची) पूर्वज, त्या वेळी पंधरा वर्षांची होती (स्थापना १८४२). पहिले उपयोगी थेंब १८७६ च्या सुमारास डॉक्टर लुडविग लाकरने वापरले. त्याला स्वतःला काचबिंदू होता.

दाब मोजण्याची आजची प्रमाण रीत हान्स गोल्डमन यांनी १९५० च्या दशकात बसवली. रुग्ण हनुवटी टेकवून बसतो, डोळ्यात बधिर करणारा आणि पिवळा रंग देणारा थेंब पडतो, निळ्या उजेडात एक छोटा शंकू बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला टेकतो. डॉक्टरला दोन हिरवी अर्धवर्तुळे दिसतात. त्यांच्या आतल्या कडा एकमेकींना भिडेपर्यंत तो चकती फिरवतो आणि चकतीवरच्या आकड्याला दहाने गुणतो. तो दाब मिलिमीटर पाऱ्यात. २१ पर्यंत सामान्य मानण्याची प्रथा आहे, पण ही रेषा फसवी आहे: दाब तिच्याखाली असूनही अनेकांची चेता झिजते.

या क्षेत्रातील सर्वांत चमत्कारिक कारकीर्द लास्लो बितो (१९३४–२०२१) यांची म्हणावी लागेल. जन्म बुडापेस्टचा, तारुण्यात कोळशाच्या खाणीत सक्तीची मजुरी, १९५६ चा हंगेरीतला उठाव फसल्यावर अमेरिका. ते डॉक्टर नव्हते. कोलंबिया विद्यापीठात ते डोळ्याच्या शरीरक्रियेचे संशोधक होते. प्रोस्टाग्लँडिन ही शरीरातच तयार होणारी द्रव्ये डोळ्यात दाह आणि दाब वाढवतात, असे तेव्हा सगळे मानत. तसे प्रयोगही होते, फक्त त्यांत मात्रा भरमसाट होती. बितो यांना प्रश्न पडला तो वेगळाच: डोळा ही द्रव्ये इतक्या तत्परतेने बाहेर का टाकतो? थोड्या मात्रेत काय होते हे पाहिले, तर सशांच्या डोळ्यांतला दाब उतरला. १९७७ च्या त्या शोधनिबंधाचा पहिला लेखक कार्ल कॅमरस अजून विद्यार्थी होता. औषध मात्र लगेच झाले नाही, कारण मूळ द्रव्याने डोळा लाल होई आणि चुरचुरे. स्वीडनमधील उप्साला येथे योहान स्टर्नशांट्स आणि बहराम रेसुल यांनी रेणूच्या शेपटीत बदल करून लॅटानोप्रोस्ट घडवले; १९९६ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. ते तुंबलेली जाळी फारशी साफ करत नाही. पाण्याला स्नायूंच्या फटींतून जाणारी दुसरी वाट मोकळी करते. ही वाट उप्सालाच्याच आंडर्स बिल यांनी १९६० च्या दशकात दाखवली होती. पापण्यांचे केस लांबणे हा या गटातील औषधांचा दुष्परिणाम पुढे सौंदर्यप्रसाधनाच्या बाजाराने उचलला, हे बितो यांच्याही कल्पनेत नसावे.

रोज रात्री एक थेंब, इतके हे सोपे. गोव्यात अडचण उष्म्याची. न उघडलेली लॅटानोप्रोस्टची बाटली साधारणपणे २ ते ८ अंशांत ठेवायची असते आणि उघडल्यावर २५ अंशांच्या आत सहा आठवडे चालते. मे महिन्यात फार्मसीतून घेतलेली बाटली कदंबच्या बसने वाळपईला पोचेपर्यंत तापते, म्हणून ती थंड पिशवीतून नेऊन घरी फ्रीजच्या दारात ठेवणे बरे. उलट धोका आहे तो खाज आली म्हणून चिठ्ठीशिवाय घेतलेल्या स्टेरॉइडच्या थेंबांचा: ते महिनोन्‌महिने घातले तर काही जणांचा दाब चढतो, आणि डोळ्याला बरे वाटत असल्याने कोणी शंका घेत नाही. आशियात पाणी निचरणारा तो कोपरा, म्हणजे कोन, अरुंद असलेला प्रकारही तुलनेने जास्त आढळतो. तो फक्त दाब मोजून कळत नाही, आरशाच्या भिंगातून कोन पाहावा लागतो.

दाब उतरवण्याचा उपयोग होतो याचा ठाम पुरावा उशिरा आला. २००२ च्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत, दाब जास्त पण झीज नाही अशांपैकी पाच वर्षांत उपचाराविना ९.५ टक्के लोकांना काचबिंदू झाला, थेंब घेणाऱ्यांत ४.४ टक्के लोकांना. दाबाखेरीज थेट चेतेचे रक्षण करण्याचे प्रयत्न अद्याप फळले नाहीत. स्मृतिभ्रंशावर दिले जाणारे मेमँटीन दोन मोठ्या चाचण्यांत फोल ठरले (निष्कर्ष २०१८). त्यानंतर ब-३ जीवनसत्त्वाच्या एका रूपाच्या चाचण्या अनेक देशांत हाती घेण्यात आल्या. त्यांतली मात्रा आहारातून मिळणाऱ्या मात्रेच्या कित्येक पट असल्याने यकृतावर लक्ष ठेवावे लागते.