बार्बेक्यूचा तळच आधी का जातो?

दोन हिवाळे वापरलेली स्वस्तातली बार्बेक्यूची शेगडी उलटी करून बघा. बाजू शाबूत, पाय शाबूत, वरची जाळीही बरी. तळाची मात्र चाळण झालेली. ‘पावसात राहिली, गंजली,’ म्हणून आपण ती भंगारात देतो आणि तसलीच दुसरी आणतो. पावसाचा हात त्यात असतो, पण तो नंतरचा. तळ आधी आगीने खाल्लेला असतो. तो कसा खाल्ला जातो हे समजलं, की थोडक्या पैशांत दणकट शेगडी निवडता येते, नाहीतर बनवून घेता येते.

गंजायला ऑक्सिजन आणि पाणी दोन्ही लागतात, हे आपण शाळेत शिकलो. तापलेल्या लोखंडाला पाण्याची गरज उरत नाही. हवेतला ऑक्सिजन थेट लोखंडाशी जुळतो आणि करडी-काळी खपली धरते. लोहाराच्या ऐरणीभोवती सांडलेल्या असतात त्याच या खपल्या. धगधगता कोळसा 700 ते 1000 अंश सेल्सियसपर्यंत तापतो, आणि स्वस्त शेगडीत तो थेट तळाच्या पत्र्यावरच पसरलेला असतो.

इथे 570 हा आकडा महत्त्वाचा. एवढ्या अंशांच्या खाली खपलीत लोखंडाची दोन ऑक्साइडं असतात, मॅग्नेटाइट आणि हेमॅटाइट. त्याच्या वर गेलं की पत्र्याला लागून तिसरं तयार होतं, वुस्टाइट. त्याच्या स्फटिकात लोखंडाच्या बऱ्याच जागा रिकाम्याच असतात. गच्च भरलेल्या लोकलमध्ये कुणाला हलता येत नाही. चार जागा रिकाम्या झाल्या, की माणसं दाराकडे सरकू लागतात. लोखंडाचे आयन (विद्युतभार असलेले अणू) तसेच एकेक रिकामी जागा धरत पत्र्यातून बाहेर, ऑक्सिजनच्या दिशेने निघतात. खपली वाढते ती पत्र्याच्या जिवावर. मॅग्नेटाइट आणि हेमॅटाइटमधून हा प्रवास कितीतरी मंद असतो, म्हणून 500 अंशांना तग धरणारा पत्रा 750 अंशांना झपाट्याने झिजतो.

पण खपली जाड होत जाते तसा आयनांचा रस्ता लांबतो आणि वाढ मंदावते. जाडी वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते: चौपट वेळ, दुप्पट जाडी. म्हणजे चिकटून राहिलेली खपली पत्र्याची राखणच करते. अडचण येते ती थंड होताना. लोखंड आणि त्याचं ऑक्साइड सारखं आकसत नाही, त्यामुळे खपली तडकते, सुटून पडते, खालचा पत्रा उघडा होतो आणि पुढच्या वेळी झीज पुन्हा पहिल्या वेगाने सुरू होते. जेवणं उरकल्यावर निखाऱ्यांवर तांब्याभर पाणी ओतायची आपली सवय हेच काम एका क्षणात करते. शिवाय राखेत पोटॅशियमचे क्षार असतात. भिजलेली राख तळाशी ओल धरून बसते, आणि मग शाळेत शिकलेला गंज चढतो.

आपल्या शेगडीचं काय चाललंय ते पाहायचं असेल तर गच्चीवरचा दिवा घालवा आणि वाकून तळ बघा. सुमारे 525 अंशांना तापलेला घन पदार्थ अंधारात मंद लाल दिसू लागतो; अमेरिकी शास्त्रज्ञ जॉन ड्रेपर यांनी 1847 मध्ये हे मांडलं. तळ लाल दिसत असेल तर तो 570 च्या उंबरठ्यावर आहे किंवा तो ओलांडून गेला आहे.

म्हणून शेगडी घेताना पहिल्यांदा बघायची ती कोळशाखालची जाळी. तळापासून निदान पाच सेंटिमीटर वर कोळशासाठी वेगळी जाळी हवी आणि तिच्या खालून हवा यायला भोकं हवीत. राख खाली पडते, कोळसा नीट पेटतो आणि तळ कितीतरी थंड राहतो. झिजायची ती जाळी झिजेल. 10 मिलिमीटरच्या गजांची जाळी कुठलाही फॅब्रिकेशनवाला वेल्ड करून देतो. मग पत्र्याची जाडी. स्वस्त शेगड्यांचा पत्रा अनेकदा मिलिमीटरभरही नसतो. 16 गेज म्हणजे 1.6 मिलिमीटरचा साधा एमएस, म्हणजे माइल्ड स्टीलचा, पत्रा मागा. जाडी दुप्पट झाली की वाकायला होणारा विरोध आठपट होतो, त्यामुळे तो तापून वेडावाकडा होत नाही.

स्टेनलेस स्टील घ्यायचं तर खिशातलं चुंबक घरीच ठेवा. ‘चुंबक चिकटलं म्हणजे स्टील खोटं’ हा समज चुकीचा आहे. आगीपुढे टिकवतो तो क्रोमियमच्या ऑक्साइडचा घट्ट थर. 430 जातीच्या स्टीलला चुंबक चिकटतं, तरी त्यात 16 टक्क्यांच्या वर क्रोमियम असतं आणि ते शेगडीला उत्तम चालतं.

सगळ्यात कमी खर्च गवंड्याच्या लोखंडी घमेल्यात. तळाला भोकं पाडा, आत जाळी बसवा, खाली तीन विटा ठेवा. जस्ताचा मुलामा दिलेली बादली किंवा घमेलं मात्र नको. जस्त 420 अंशांना वितळतं, आणखी तापलं की त्याचा पांढरा धूर होतो आणि तो छातीत गेला की थंडी वाजून ताप भरतो. वेल्डिंग करणाऱ्यांना हा ताप ओळखीचा आहे. जुना ड्रम कापणार असाल तर आधी त्यात काय होतं ते विचारा. ज्वालाग्राही द्रवाच्या बंद ड्रमवर ग्राइंडर लावणं जिवावर बेतू शकतं.

निखाऱ्यांवरून आठवलं: दृष्ट काढून मीठ-मोहरी विस्तवात टाकली आणि ती तडतडली, की दृष्ट लागली होती असं मानतात. मिठाच्या खड्यात अडकलेल्या पाण्याची वाफ होते आणि खडा फुटतो. मोहरीतही ओलावाच असतो. बाळ रडत असो वा हसत असो, तडतड तेवढीच होणार. त्या मिठातलं क्लोराइड मात्र पत्र्याला खरोखर बाधतं, म्हणून मसाला लावलेलं पनीर, चिकन भाजून झाल्यावर तळाशी सांडलेलं दुसऱ्या दिवशी खरवडून काढा.

विझवायला पाणी नको, झाकण हवं. वरखालची भोकं बंद केली की हवेवाचून कोळसा विझतो आणि उरलेला पुढच्या वेळी चालतो. विझेपर्यंत त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघत असतो, आणि त्याला वास नसतो. थंडी आहे म्हणून झाकलेली शेगडी उबेसाठी खोलीत किंवा काचा लावलेल्या बाल्कनीत आणू नका. सकाळपर्यंत ती उघड्या गच्चीवरच राहू द्या.