एका पाइपातून दोन-तीन सर्किट : वायरिंग करून घेण्याआधी एवढं वाचा

भिंत न फोडता वरून पीव्हीसी पाइप मारून वायरिंग करून घेणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सगळं एकाच पाइपातून नेता येईल ना? भिंतीवर दोन-दोन पाइप बरे दिसत नाहीत."

येईल. लाइटचं, प्लगचं आणि गीझरचं सर्किट एका पाइपात असण्यात गैर काही नाही. इंटरनेट, टीव्ही आणि बेलच्या तारा मात्र त्यात घालणार नाही, त्यांचा पाइप वेगळा. शिवाय प्लास्टिकचा पाइप स्वतः अर्थिंगचं काम करत नाही, त्यामुळे अर्थची तार आतून न्यावीच लागते. ती वगळून खर्च कमी करा, असं कृपया सुचवू नका.

पाइप गच्च भरायचा नसतो. आतल्या जागेपैकी साधारण ४० टक्क्यांत तारा बसाव्यात, बाकी मोकळी राहावी. २.५ स्क्वेअर एमएमची तीन सर्किट म्हणजे फेज (करंट आणणारी), न्यूट्रल (करंट परत नेणारी) आणि अर्थ मिळून नऊ तारा, आणि त्यासाठी आम्ही २५ मिमीचा पाइप घेतो. २० मिमीमध्ये कोंबल्या तर बेंडवर ओढताना इन्सुलेशन खरवडतं आणि पुढे एक तार बदलायची म्हटलं की सगळ्या अडकतात.

तारा एकमेकींना तापवतातही. भिंतीवरच्या पाइपात एकटं सर्किट असेल तर ३० अंशांच्या हवेत २.५ ची तांब्याची तार साधारण २४ अँपिअर नेते. शेजारी आणखी दोन भरलेली सर्किट आली की हाच आकडा ७० टक्क्यांवर, म्हणजे १७ च्या खाली येतो. १६ अँपिअरच्या एमसीबीला (जादा करंट गेला की पडणारा, म्हणजे आपोआप बंद होणारा ब्रेकर) तो जेमतेम पुरतो, २० च्या एमसीबीला नाही. म्हणून गीझर किंवा एसीला आम्ही ४ ची तार नाहीतर वेगळा पाइप सुचवतो. बिल फुगवायला नव्हे.

पण आमचा खरा वेळ खातो तो उसना न्यूट्रल. होतं असं: वायरिंग झाल्यावर काही महिन्यांनी घरात एक जादा पॉइंट हवा असतो. कुणीतरी मधला बॉक्स उघडतो. आत तीन सर्किटच्या तारा, आणि न्यूट्रल सगळे एकाच रंगाचे. फेज लाइटच्या सर्किटमधून घेतला जातो, न्यूट्रल जो हाताला येईल तो, मग दुसऱ्या सर्किटचा का असेना. दिवा लागतो आणि सगळे खूश.

प्रत्येक सर्किटला स्वतंत्र आरसीसीबी (गेलेला आणि परतलेला करंट जुळला नाही की पडणारा ब्रेकर) असेल तर तो पडायला लागतो, कारण गेलेला करंट त्याच्यातून परत येत नाही. मग "तुमचा ब्रेकर खराब निघाला" असा फोन येतो. खरं तर ब्रेकर पडतोय हे नशीबच. नुसते एमसीबी असतील तर काहीच कळत नाही: एमसीबी फेजवर नजर ठेवतो, न्यूट्रलवर नाही. दोन सर्किटचा भार एकाच न्यूट्रलमधून परतला तर ती तार तापत राहते आणि दोन्ही एमसीबी शांत असतात. एक एमसीबी बंद करून कुणी तो न्यूट्रल सोडवला, तर दुसऱ्या सर्किटच्या चालू उपकरणातून त्याला झटका बसू शकतो. थ्री-फेज घरात तर असा सामायिक न्यूट्रल सैल झाला की २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत दाब दोन फेजवरच्या उपकरणांत वाटला जातो, आणि हलक्या उपकरणाच्या वाट्याला जास्त येतो.

म्हणून आमच्या कामात प्रत्येक सर्किटला त्याचा स्वतःचा न्यूट्रल असतो, डीबीपासून (सगळे ब्रेकर असतात ती पेटी) शेवटच्या पॉइंटपर्यंत. प्रत्येक बॉक्समध्ये फेजवर आणि न्यूट्रलवर सर्किटचा एकच नंबर चढवतो, आणि डीबीच्या दाराच्या आत तक्ता चिकटवतो. तार जास्त लागते, आमचं कोटेशन थोडं वर दिसतं ते त्यामुळे. पुढे नवी तार ओढायला पाइपात एक रिकामी ओढदोरीही ठेवतो. नवा पॉइंट काढताना फेज आणि न्यूट्रल एकाच नंबरचे घ्या, कारागीर आमचा असो वा दुसरा. नंबर दिसत नसतील तर आधी आम्हाला विचारा, फोनवर सांगायचे पैसे घेत नाही.

ब्रेकर पडतोय म्हणून बोलावताना तीन गोष्टी सांगा: कोणता पडतो, तेव्हा काय चालू होतं, आणि आमच्यानंतर कुणी बॉक्स उघडला होता का. तिसरं उत्तर बहुतेक वेळा "नाही हो" असं येतं. मग आम्ही बॉक्समागून बॉक्स उघडत बसतो, आणि त्या तासांचं बिल मात्र लागतं.