फोमधला एमएसजी खरंच घातक आहे का?

'व्हिएतनामी फो सूपमध्ये अजिनोमोटो असतो, तो मेंदूवर परिणाम करतो' असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. भीती समजण्यासारखी आहे, पण दावा टिकत नाही.

अजिनोमोटो म्हणजे एमएसजी (मोनोसोडियम ग्लुटामेट), चव वाढवणारा पदार्थ: सोडियम आणि ग्लुटामेट. हेच ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोत, मश्रूममध्ये, आईच्या दुधातही असतं, आणि नैसर्गिक ग्लुटामेट आणि एमएसजीमधलं ग्लुटामेट यांत शरीर फरक करत नाही. फोच्या रश्श्यात ते आधीपासूनच असतं. गाईची हाडं, भाजलेलं आलं-कांदा, चक्रफूल, दालचिनी तासन् तास उकळतात आणि वर मच्छीचा सॉस पडतो. आंबवलेल्या माशांचा हा सॉस म्हणजे ग्लुटामेटचा मोठाच साठा. व्हिएतनाममधले अनेक दुकानदार चिमूटभर एमएसजीही घालतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

या भीतीचा उगम 1968 सालच्या एका अमेरिकन डॉक्टरच्या पत्रात आहे. त्यात फक्त शंका होती, प्रयोग नव्हता. पुढे कोणाला काय दिलंय हे लपवून चाचण्या झाल्या. उपाशीपोटी, अन्नाशिवाय 3 ग्रॅम किंवा जास्त घेतल्यावर काहींना थोडा वेळ डोकेदुखी वगैरे जाणवली, तीही दर वेळी नाही. एमएसजी घातलेल्या पदार्थाच्या एका वाढपात ते एरवी अर्ध्या ग्रॅमहून कमी असतं.

स्वतः पडताळायचं तर घरच्यांना दोन वाट्या सूप करायला सांगा, एकात एमएसजी, आणि कोणती कुठली ते तुम्हाला कळू देऊ नका. पाकिटांवर 'आयएनएस 621' (एमएसजीचा क्रमांक) शोधा, काही तयार खाऊच्या पाकिटांवरही सापडेल.

फो खाल्ल्यावर तहान लागते ती बहुतेक मिठामुळे. रक्तदाब असेल तर रस्सा थोडा उरवा, माशांची ॲलर्जी असेल तर आधी विचारा.