नऊ किलोचं बाळ पुढे तोंड करून का बसवायचं नाही? चाइल्ड सीटच्या लेबलामागचा इतिहास

बहुतेक चाइल्ड सीटच्या पाठीला किंवा बुडाला एक नारिंगी लेबल चिकटवलेलं असतं. त्यावर गोलातलं ई हे अक्षर, शेजारी मंजुरी देणाऱ्या देशाचा आकडा (१ म्हणजे जर्मनी, ४ म्हणजे नेदरलँड्स) आणि जुन्या पद्धतीची सीट असेल तर वजनाचा गट: ०–१३ किलो, ९–१८ किलो, १५–३६ किलो. दुकानात आईबाबा हेच आकडे वाचतात आणि सरळ अर्थ लावतात की बाळ नऊ किलोचं झालं, आता ते पुढे तोंड करून बसायला तयार. लेबल मात्र एवढंच सांगत असतं की अपघाताच्या चाचणीत अमुक वजनापर्यंतचा भार सीटने, पट्ट्याने आणि बकलने पेलला. बाळाची मान किती तयार झाली आहे, हे त्या आकड्यात कुठेच नाही. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याच प्रश्नाला लावण्याचा हा घोळ पन्नास वर्षं जुना आहे.

सुरुवातीला तर सुरक्षेचा प्रश्नच नव्हता. १९३०च्या दशकात अमेरिकेत बनी बेअर कंपनीने लहान मुलांसाठी सीट काढली ती मूल उंचावर बसावं, त्याला खिडकीबाहेरचं दिसावं आणि चालवणाऱ्याला ते दिसावं म्हणून. पुढची वीस-पंचवीस वर्षं बाजारात अशाच वस्तू होत्या: पुढच्या सीटच्या पाठीवर अडकवायचे लोखंडी आकडे आणि त्यावर कापडी झोळी. गाडी थांबली तर मूल थांबेल, याची हमी कुणीच देत नव्हतं. मोठ्यांसाठी नील्स बोलिन यांचा तीन बिंदूंचा पट्टा व्होल्वोत आला तोच १९५९ साली. मुलाला धरून ठेवणं हाच हेतू मानून केलेल्या सीटचे आराखडे १९६२च्या सुमारास आले. ब्रिटनमध्ये जीन एम्स यांनी वाय आकाराच्या पट्ट्याची सीट केली आणि अमेरिकेत डेन्व्हरच्या लिओनार्ड रिव्हकिन यांनी धातूच्या चौकटीची.

खरी कलाटणी स्वीडनमध्ये मिळाली, आणि तिथे थोडं थांबायला हवं. बर्टिल आल्डमन हे डॉक्टर. अमेरिकेच्या जेमिनी मोहिमेतले अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर पडून असतात आणि प्रचंड रेटा सगळ्या पाठीवर सारखा पसरतो, हे त्यांनी हेरलं. समोरून धडक झाली की गाडीतलं सगळं पुढे फेकलं जातं. मूल मागे तोंड करून बसलं असेल तर ते सीटच्या पाठीत रुतेल आणि डोकं, मान, पाठ एकत्र झेलली जातील. १९६४ साली व्होल्वो पीव्ही ५४४ मध्ये अशा सीटचा पहिला नमुना तपासला गेला आणि १९७२ पासून कंपनीने ती विकायला काढली.

आल्डमन यांचा मुद्दा शरीररचनेचा होता. नवजात बाळाच्या उंचीत चौथा हिस्सा डोक्याचा असतो, मोठ्या माणसात तो साधारण सातवा असतो. मानेचे मणके पहिली काही वर्षं पूर्ण हाडाचे नसतात, मधे कूर्चा असते. पुढे तोंड करून बसलेल्या बाळाचे खांदे पट्टा धरून ठेवतो, पण जड डोकं पुढे झेपावतं आणि सगळा ताण त्या कोवळ्या मानेवर येतो. ही गोष्ट वजनाच्या काट्यावर दिसत नाही. म्हणून स्वीडनमध्ये चार वर्षांपर्यंतची मुलं मागे तोंड करून बसवण्याची रीत पडली आणि ती आजही आहे.

अमेरिका वेगळ्या वाटेने गेली. १९६८च्या सुमारास फोर्डने टॉट-गार्ड आणि जनरल मोटर्सने लव्ह सीट आणली, त्यापैकी दुसरीची मागे तोंडाची बाळ-आवृत्तीही निघाली. १९७१ साली सरकारने २१३ क्रमांकाचं मानक लागू केलं, पण त्यात सीट प्रत्यक्ष आपटून पाहण्याची अट नव्हती. सीट गाडीला पट्ट्याने बांधता यावी आणि मुलासाठी पट्टा असावा, यावरच भर होता. कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक-मासिकाने १९७२ साली सीटची धडक-चाचणी घेतली तेव्हा सरकारी मानकात बसणाऱ्या बऱ्याच सीट टिकल्या नाहीत. चाचणीची सक्ती यायला तरीही १९८१ उजाडलं: ताशी ४८ किलोमीटर वेगाची समोरची धडक, आत मुलाच्या जागी पुतळा.

कायद्याची गोष्ट टेनेसी राज्यातली. तिथले बालरोगतज्ज्ञ रॉबर्ट सँडर्स यांनी आमदारांच्या मागे लागून देशातला पहिला चाइल्ड सीटचा कायदा करून घेतला. तो १ जानेवारी १९७८ पासून लागू झाला. मात्र मंजूर करताना एक पळवाट घुसडली गेली: बाळ मोठ्या माणसाच्या मांडीवर असेल तर सीट नको. सँडर्स या कलमाला मुलं चिरडणारी दुरुस्ती म्हणत, आणि ते बरोबरच होतं. ताशी ५० किलोमीटरवरून गाडी क्षणात थांबते तेव्हा आतल्या वस्तूवर तिच्या वजनाच्या साधारण वीसपट जोर येतो. दहा किलोचं बाळ त्या क्षणी दोनशे किलोंचं होतं. आईच्या हातात एवढं बळ नसतं, आणि आईने पट्टा लावला नसेल तर तीच बाळावर आदळते. १९८१ मध्ये ते कलम गेलं. १९८५ पर्यंत अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांत असे कायदे झाले.

याच सुमारास युरोपात संयुक्त राष्ट्रांचा आर४४ हा नियम आला आणि वजनाचे गट ठरले. वजन निवडण्यामागे अभियंत्याचा हिशेब होता: जोर वजनाच्या प्रमाणात वाढतो, तेव्हा शिवण, बकल आणि कवच किती मजबूत हवं ते वजनावर ठरतं. शिवाय वजनाचा आकडा घरोघरी माहीत असतो. १० आणि पुढे १३ किलोपर्यंत मागे तोंड, ९ ते १८ पाच पट्ट्यांच्या हार्नेसमध्ये पुढे तोंड, त्यापुढे बूस्टर, म्हणजे मुलाला उंच बसवणारी बैठक. बूस्टरचं कारणही शरीरातच आहे. मोठ्यांचा पट्टा कमरेच्या हाडावर अडतो, लहान मुलाचं ते हाड पुरेसं उभारलेलं नसतं, म्हणून पट्टा सरकून पोटात घुसतो. मूल उंच बसवलं की पट्टा मांड्यांवर आणि खांद्यावर नीट येतो.

गफलत झाली ती ९ किलोच्या रेषेवर. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात मुलग्याचं सरासरी वजन नऊ महिन्यांना जवळपास नऊ किलो भरतं, आणि गुटगुटीत बाळ सहाव्या-सातव्या महिन्यातच तिथे पोचतं. आपल्याकडे तर गुटगुटीतपणाचं कौतुकच फार. नियमाने पुढे तोंड चालतं म्हटल्यावर पाय दुमडतात, बाळ कंटाळतं, चेहरा दिसत नाही, अशा कारणांनी सीट फिरवली जायची. मान मात्र सहा महिन्यांचीच. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०११ साली किमान दोन वर्षांपर्यंत मागे तोंडाचा सल्ला दिला आणि २०१८ साली वयाची रेषाही सोडून दिली: सीटची वजन-उंचीची मर्यादा संपेपर्यंत मागेच तोंड. युरोपात २०१३ मध्ये आर१२९ हा नवा नियम आला. त्यात सीट उंचीवरून निवडायची, १५ महिन्यांच्या आत पुढे तोंड चालणार नाही, आणि बाजूच्या धडकेची चाचणीही सक्तीची. युरोपीय संघात जुन्या आर४४च्या नव्या सीट विकणं सप्टेंबर २०२४ पासून बंद झालं.

मग वजन बाद झालं का? नाही, ते दुसऱ्या जागी गेलं. सीट गाडीच्या पट्ट्याने बांधताना लोक इतक्या चुका करत की १९९०च्या दशकात गाडीच्या सांगाड्यालाच लोखंडी कड्या बसवण्याची आयसोफिक्स पद्धत आकाराला आली. १९९९ मध्ये तिचं आंतरराष्ट्रीय मानक निघालं, तर अमेरिकेत तिचा भाऊबंद लॅच २००२ पासून सक्तीचा झाला. या कड्यांनाही मर्यादा आहे, आणि ती बाळाच्या एकट्याच्या वजनाची नाही. आर१२९मध्ये मूल आणि सीट मिळून ३३ किलो, अमेरिकेत मिळून ६५ पौंड, म्हणजे साडेएकोणतीस किलो. चौदा किलोची सीट असेल तर युरोपीय हिशेबात मुलाला उरतात एकोणीस. त्यापुढे कड्या सोडून गाडीच्या पट्ट्याने बांधायचं. हे वाक्य पुस्तिकेत असतं, पण पुस्तिका सहसा खोक्याबरोबरच जाते.

अमेरिकेतून मायदेशी परतणारी मराठी कुटुंबं चांगली महागडी सीट सामानात घेऊन येतात, आणि अडचण इथे पट्ट्यात येते. १९९०च्या दशकाच्या मध्यापासून अमेरिकन गाड्यांचे मागचे पट्टे पूर्ण ओढून सोडले की घट्ट अडकून राहतात. तिथल्या सीट हे गृहीत धरतात. आपल्या बहुतेक गाड्यांचा पट्टा फक्त झटका बसला की अडतो, एरवी सैल सुटतो. सीट बांधली आणि हलवून पाहिली तर ती डुगडुगते. तिथल्या कित्येक सीटबरोबर एच आकाराची एक लोखंडी क्लिप येते, ती नेमकी यासाठीच. ती बकलजवळ दोन्ही पट्ट्यांवर चढवली की पट्टा सरकत नाही. सीटमध्येच पट्टा अडकवायची खाच असेल तर क्लिपची गरज नाही. पट्टा कुठून ओवायचा ते युरोपीय सीटवर रंगाने दाखवलेलं असतं: मागे तोंडासाठी निळ्या खुणा, पुढे तोंडासाठी लाल. बांधून झाल्यावर पट्टा जिथून जातो तिथे सीट धरून हलवा. इंचभरापेक्षा जास्त हलली तर गुडघा टेकून पुन्हा आवळा. हार्नेसचे खांद्याचे पट्टे मागे तोंडाला खांद्याच्या पातळीला किंवा जरा खाली, पुढे तोंडाला खांद्याच्या पातळीला किंवा जरा वर हवेत. आणि पुढच्या सीटवर एअरबॅग चालू असेल तर मागे तोंडाची सीट तिथे कधीच नाही. १९९०च्या दशकात अमेरिकेत एअरबॅगच्या दणक्याने काही बाळं गेली, तेव्हा ही सक्त ताकीद आली.

भारतात चाइल्ड सीटचं मानक एआयएस-०७२ हे आहे, आणि त्यात आर४४चेच वजनाचे गट आहेत. अशी मानकं प्रसिद्ध करणारी एआरएआय ही वाहन-संशोधन संस्था पुण्यात कोथरूडच्या टेकडीवर आहे. कायदा मात्र वेगळीच फूटपट्टी वापरतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेलं १९४ब हे कलम म्हणतं की चौदा वर्षांखालच्या मुलाला सीट बेल्ट किंवा चाइल्ड सीट हवी, नाहीतर हजार रुपये दंड. ना वजन, ना उंची. तीन वर्षांच्या पोराला नुसता मोठ्यांचा पट्टा लावला तरी कलमाचं समाधान होतं. खरं तर मागच्या सीटवरच्या पट्ट्याचा विचार आपण सुरू केला तोच ४ सप्टेंबर २०२२ नंतर. पालघरजवळ महामार्गावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला, ते मागे पट्ट्याविना बसले होते. दोन महिन्यांत मुंबईत गाडीतल्या सगळ्यांना पट्टा सक्तीचा झाला. मांडीवरच्या बाळाकडे मात्र पोलीस क्वचितच पाहतात.

ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅपमध्ये, म्हणजे गाड्या आपटून त्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या सरकारी कार्यक्रमात, मुलांच्या सुरक्षेला वेगळे ४९ गुण असतात. धडकेत दीड आणि तीन वर्षांच्या मुलांएवढे पुतळे बसवतात, पण मला जास्त मोलाचे वाटतात ते गाडीत चाइल्ड सीट नीट बसवता येते का याचे १२ गुण. नवी गाडी घेताना नुसते तारे पाहू नका, अहवालातला हा आकडाही पाहा, आणि घरची सीट शोरूममध्ये नेऊन गाडीत बांधून बघा. सेल्समन थोडा वैतागेल, वैतागू द्या.