घरखरेदीवरील विक्रीकर (नाशिक)

घर विकत घेताना विक्रीकर लागतो का, हे घर तयार आहे की बांधकाम चालू आहे यावर ठरते. तयार घर ही स्थावर मालमत्ता. तिच्या विक्रीवर वस्तू व सेवा कर, म्हणजे जीएसटी, नाही. कोणी राहून गेलेला जुना फ्लॅट किंवा एनए (बिगरशेती) प्लॉट घेतला तरी नाही. ले-आउटमध्ये रस्ते, गटारे केलेली असली तरीही. बांधकाम चालू असलेला फ्लॅट मात्र कायद्याच्या नजरेत बिल्डरने पुरवलेली सेवा ठरतो आणि करपात्र होतो.

पूर्वी अशा करारांवर राज्याचा मूल्यवर्धित कर (व्हॅट) होता. २० जून २००६ पासूनचे करार त्याच्या कक्षेत आले. १ एप्रिल २०१० पासून करारमूल्याच्या १ टक्का भरण्याची सोय झाली. आकारणी वैध असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले. १ जुलै २०१७ पासून व्हॅट आणि सेवाकर दोन्ही जीएसटीत गेले, तरी बोलण्यात ‘व्हॅट’ अजून टिकून आहे.

१ एप्रिल २०१९ पासूनच्या प्रकल्पांत परवडणाऱ्या घराला १ टक्का आणि इतर घरांना ५ टक्के दर आहे. जमिनीच्या वाट्याची एक तृतीयांश वजावट या दरांत आधीच धरलेली आहे, त्यामुळे ती पुन्हा मागता येत नाही. परवडणारे घर म्हणजे ४५ लाखांपर्यंत किंमत आणि महानगरात ६०, इतरत्र ९० चौरस मीटरपर्यंत रेरा कार्पेट, म्हणजे रेरा या गृहनिर्माण कायद्याप्रमाणे मोजलेले घराच्या आतले वापरायचे क्षेत्रफळ. जीएसटीच्या महानगरांत मुंबई प्रदेश आहे, नाशिक नाही. इथल्या विकास प्राधिकरणाच्या नावात ‘नाशिक महानगर’ असले तरी इथे मर्यादा ९० चौरस मीटर, म्हणजे सुमारे ९६८ चौरस फूट. बाल्कनी या मापात येत नाही.

गोची किमतीत होते. ४५ लाखांत पार्किंग, विकास शुल्क, मोक्याच्या जागेचा जादा आकार असे बिल्डर घेतो ते सगळे धरतात. ४५ लाखांवर कर ४५,०००. पण ४५ लाख १० हजारांवर १ टक्का सुटतो आणि कर २,२५,५०० होतो. करार करण्यापूर्वी सगळी बेरीज कागदावर मांडून घ्यावी.

दुसरी चूक तारखेची. महापालिकेच्या नगररचना विभागाचा पूर्णत्वाचा दाखला किंवा इमारतीतला पहिला वापर, यांपैकी जे आधी घडेल त्यानंतर संपूर्ण रक्कम दिली तरच घर करमुक्त. दाखल्याआधी नुसते टोकन दिले तरी हा आधार जातो आणि पुढच्या हप्त्यांवरही कर लागतो. ‘दाखला येतोच आहे, बुकिंग करून टाका’ या आग्रहाची किंमत ग्राहकच मोजतो. दाखल्याची प्रत मागावी आणि तो आपल्याच विंगचा आहे ना, हे पाहावे. अंशतः दाखला सगळ्या इमारतींना लागू होत नाही.

मुद्रांक शुल्क ही वेगळी आकारणी आहे. जीएसटी नसलेल्या पुनर्विक्रीच्या फ्लॅटलाही ते भरावेच लागते. नोंदणी शुल्क १ टक्का, कमाल ३०,००० रुपये.

स्वतःच्या प्लॉटवर ठेकेदाराकडून मालासकट बंगला बांधून घेतल्यास त्याच्या बिलावर १८ टक्के जीएसटी येतो. एकट्या घरासाठी फक्त मजुरीचा ठेका दिला तर त्या मजुरीवर कर नाही. सिमेंट, लोखंड विकत घेताना मात्र तो दुकानदाराच्या बिलातच भरलेला असतो.