केझिकची वाट : खडी, डांबर आणि जीपवाले

इंग्लंडच्या वायव्येला असलेल्या लेक डिस्ट्रिक्ट या राष्ट्रीय उद्यानातल्या खडीच्या वाटांवर सायकल न्यायची असेल, तर २०१९च्या आगेमागे तिथल्या उद्यान प्राधिकरणाने घेतलेले दोन निर्णय आधी समजून घेतलेले बरे. पहिला : केझिक ते थ्रेलकेल्ड या पूर्णपणे मोटारमुक्त वाटेवर डांबर टाकायचे. दुसरा : कोनिस्टनच्या उत्तरेला, स्लेटच्या जुन्या खाणींमधून जाणाऱ्या कच्च्या गाडीवाटांवर जीप आणि मोटारसायकलींना बंदी घालायची नाही. दोन्ही निर्णयांमागे आपापली कारणे आहेत. सायकलवाल्याच्या पदरात मात्र एवढेच पडते की मोटार नाही तिथे खडी उरलेली नाही, आणि खडी आहे तिथे मोटार आहे.

यातली एकही वाट सायकलींसाठी तयार झालेली नव्हती. पहिल्या एलिझाबेथच्या काळात, १५६०च्या दशकात, राजसनद मिळालेल्या एका कंपनीने जर्मन खाणकामगार केझिकला आणले. न्यूलँड्सच्या खोऱ्यातून तांब्याची कच्ची धातू यायची आणि ग्रेटा नदीकाठी ब्रिगमच्या भट्ट्यांमध्ये गाळली जायची. परक्यांशी गावाचे सुरुवातीला पटले नाही, म्हणून त्यातले काही डर्वेंटवॉटर तळ्यातल्या बेटावर राहिले असे सांगतात. पुढे चर्चच्या विवाह-नोंदवहीत जर्मन आडनावे दिसू लागली, म्हणजे पटले असावे. बॉरोडेलच्या ग्रॅफाइटची आणि केझिकच्या पेन्सिलीची कहाणी प्रत्येक पर्यटन पुस्तिकेत आहे, ती इथे वगळतो. कोनिस्टनच्या वर तांबे, अल्सवॉटरजवळ शिसे, हॉनिस्टरला स्लेट. तळी पाहायला लोक येऊ लागले त्याच्या कितीतरी आधीपासून हे डोंगर पोखरले जात होते.

आजच्या सायकलमार्गाच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष १८६४. कॉकरमथ-केझिक-पेनरिथ रेल्वे त्या वर्षी मालवाहतुकीला खुली झाली, प्रवासी गाड्या १८६५च्या जानेवारीत आल्या. हा क्रमच तिचे प्रयोजन सांगतो. डरहॅमचा कोक, म्हणजे भट्टीसाठी भाजलेला दगडी कोळसा, पश्चिमेकडे कंबरलंडच्या लोखंडाच्या भट्ट्यांना न्यायचा आणि तिकडचे हेमटाइट हे लोहखनिज पूर्वेला आणायचे, यासाठी ती बांधली होती. त्याआधी वीस वर्षे विंडरमिअरला रेल्वे येऊ नये म्हणून एका नामवंत कवीने वृत्तपत्रांतून आघाडी उघडली होती, पण तिथे मुद्दा सहलीला येणाऱ्या गर्दीचा होता. केझिकला आधी कोक आला आणि गर्दी मागून. १८७०च्या दशकात थ्रेलकेल्डला ग्रॅनाइटची खाण निघाली, रुळांखालची खडी पुरवायला. ती १९८२पर्यंत चालली आणि आता तिथे खाणकामाचे संग्रहालय आहे.

रेल्वेचा पश्चिमेचा भाग १९६६ साली बंद झाला, केझिक-पेनरिथ हा पूर्वेचा तुकडा १९७२च्या मार्चमध्ये. त्यानंतरच्या काही वर्षांत या मार्गाचे भवितव्य ठरून गेले. बॅसनथ्वेट तळ्याच्या काठाकाठाने जाणारा रेल्वेचा पट्टा ए-६६ या महामार्गाने गिळला. तळ्याच्या पाण्याला लागून, चढउतार नसलेली, मैलोनमैल लांब अशी सायकलवाट तिथे होऊ शकली असती. आज तिथून ट्रक धावतात. पूर्वेला ग्रेटाच्या घळीत मात्र महामार्गाने उंच पूल टाकून वेगळी वाट काढली. त्या बांधकामात रेल्वेचा एक बोगदा भरावाखाली गाडला गेला, पण नदी पुन्हा पुन्हा ओलांडणारा, लोखंडी पुलांवरून जाणारा सुमारे पाच किलोमीटरचा पट्टा वाचला. तीच ही केझिक-थ्रेलकेल्ड वाट. १९९४ साली आयरिश समुद्रापासून उत्तर समुद्रापर्यंतचा सुमारे सव्वादोनशे किलोमीटरचा सायकलमार्ग आखला गेला, तेव्हा ती त्यात सामील झाली. त्या मार्गाच्या पश्चिम टोकाला, व्हाइटहेवनकडून येणारा तुकडाही लोहखनिजाच्या जुन्या रेल्वेवरूनच जातो.

मग डिसेंबर २०१५. डेस्मंड वादळात हॉनिस्टरला २४ तासांत ३४१.४ मिलिमीटर पाऊस पडला. आंबोलीच्या वाचकाला यात विशेष वाटणार नाही, पण ब्रिटनच्या नोंदींत तो विक्रम ठरला. ग्रेटाने वाटेवरचे दोन पूल आणि वाटेचे काही भाग नेले. त्याच वादळात थर्लमिअरजवळ खचलेला मोटाररस्ता पुढच्या मे महिन्यात, म्हणजे पाच महिन्यांत, सुरू झाला. सायकलवाटेला पाच वर्षे लागली. प्राधान्य कोणाला होते, हे यावरून कळावे.

वाट पुन्हा बांधायची म्हटल्यावर खर्च ७९ लाख पौंडांच्या घरात गेला. गाडलेला बोगदा उकरून खुला करायचे ठरले आणि त्याचे सगळ्यांनीच स्वागत केले. भांडण जुंपले ते पृष्ठभागावरून. आधीची वाट दाबलेल्या खडीची होती. नव्या आराखड्यात डांबर होते. प्राधिकरणाचे म्हणणे असे : व्हीलचेअर, बाबागाडी, काठी टेकत चालणारे, नुकतीच सायकल शिकलेली मुले या सगळ्यांना ओली खडी अडवते; शिवाय खडी पुढच्या पुरात पुन्हा वाहून जाईल आणि तिची डागडुजी कायमची मागे लागेल. विरोधकांचे म्हणणे असे : २०१७ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या प्रदेशातल्या नदीच्या घळीत काळा पट्टा ओढणे म्हणजे उपनगरातला फूटपाथ आणून टाकणे, नीट दाबलेली बारीक खडी चाकाच्या खुर्चीलाही चालते, आणि अशा वाटा इतरत्र आहेत.

वाद इथवर तांत्रिकच होता. २०१९च्या अखेरीस प्राधिकरणाच्या प्रमुखाने एका वृत्तवाहिनीशी बोलताना तो दुसऱ्याच पातळीवर नेला. लेक डिस्ट्रिक्टमध्ये तरुण कमी येतात, कृष्णवर्णीय आणि आशियाई वंशाचे लोक कमी येतात, चालण्याची अडचण असलेले कमी येतात, आणि हे बदलले पाहिजे, असा त्याचा रोख होता. विधान खोटे नव्हते. पण त्या मुलाखतीत उदाहरण म्हणून केझिकजवळची हीच वाट आली, आणि पुढचे काही आठवडे वर्तमानपत्रांत डांबर आणि वर्ण यांची सरमिसळ होऊन बसली. व्हीलचेअरसाठी सपाट पृष्ठभाग हवा हे समजते. मँचेस्टर-लेस्टरच्या आशियाई कुटुंबांना खडी चालत नाही, असे मात्र कोणी विचारून ठरवले होते, हे कळायला मार्ग नाही. सह्याद्रीत पायवाटा तुडवून तिकडे गेलेल्या कितीतरी मराठी मंडळींना या युक्तिवादाची गंमत वाटली असेल. तिकडचे आशियाई लोक डोंगरात कमी दिसण्यामागे गाडीभाडे, सुट्ट्या, ओळखीपाळखी, राहण्याची सोय अशी अनेक कारणे असू शकतात; पृष्ठभाग त्यात फार खाली येईल.

तरीही डांबराच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी. वाट डिसेंबर २०२०मध्ये खुली झाली आणि पहिल्यापासून तिच्यावर चाकाच्या खुर्च्या, तीनचाकी सायकली आणि बाबागाड्या दिसत राहिल्या. आपले नुकसान झाले ते हौसेचे. त्यांची सोय झाली ती गरजेची. विरोधकांच्या पत्रकांत ही बाजू एखाद्या ओळीत उरकलेली असे. याच पट्ट्यावर पुन्हा रेल्वे आणा म्हणणारा एक गटही जुना आहे. त्याच्या लेखी खडीवाले आणि डांबरवाले दोघेही अतिक्रमण करणारेच.

दुसरा निर्णय या पार्श्वभूमीवर वाचला की कोड्यात पाडतो. टिल्बर्थवेट आणि हाय ऑक्सन फेल या वाटा स्लेटच्या खाणी आणि डोंगरातली शेते यांना जोडणाऱ्या गाडीवाटा आहेत. २००६च्या कायद्याने इंग्लंड-वेल्समधल्या कच्च्या वाटांवरचे बरेचसे नोंद नसलेले मोटारहक्क संपवले, पण सरकारी खर्चाने राखल्या जाणाऱ्या रस्त्यांच्या यादीत ज्या वाटा होत्या त्यांना सूट मिळाली. या दोन त्यातल्या. परिणामी घोडागाडीसाठी झालेल्या वाटेवरून आज सहलीच्या कंपन्यांच्या जीपांचे ताफे कायदेशीरपणे जाऊ शकतात. चाकोऱ्या खोल झाल्या, दगड उखडले, शेतकऱ्यांची तक्रार वाढली, ऑनलाइन याचिकेवर लाखो सह्या झाल्या. ऑक्टोबर २०१९मध्ये प्राधिकरणाच्या समितीने बंदीऐवजी सर्व संबंधितांचा मिळून एक व्यवस्थापन गट नेमायचे ठरवले.

राष्ट्रीय उद्यानांच्या १९४९च्या कायद्यात १९९५ साली एक तरतूद आली : संवर्धन आणि लोकांचा विरंगुळा यांचा मेळ बसतच नसेल, तर झुकते माप संवर्धनाला. बंदीची मागणी करणाऱ्यांचा भर तिच्यावर होता. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि २०२० साली प्राधिकरणाच्या बाजूने निकाल लागला. निर्णय कायद्याच्या चौकटीत घेतला का, एवढेच न्यायालयाने पाहायचे होते. तो शहाणपणाचा होता का, हा प्रश्न तिथे नव्हताच, तरी जीपवाल्यांनी निकाल तसाच साजरा केला.

खडीच्या शोधात निघालेल्या सायकलवाल्याला या भागात मुख्य आधार आहे तो १९६८च्या ग्रामीण भागाविषयीच्या कायद्याचा. त्याने घोड्यांच्या वाटांवर सायकलींना हक्क दिला, पायी आणि घोड्यावर असणाऱ्यांना आधी जाऊ द्यायचे या अटीवर. फक्त पायी जायच्या वाटांवर असा हक्क नाही, आणि खाणींकडे जाणाऱ्या पुष्कळ वाटा नकाशावर नेमक्या तशाच नोंदलेल्या आहेत. तेव्हा आखणी करताना नकाशावर घोड्यांची वाट कोणती आणि फक्त पायी जायची कोणती, हे आधी पाहावे. सलग, रुंद, मोटार नसलेली खडी हवी असेल तर बहुतेक जण शेवटी व्हिनलॅटर किंवा ग्राइझडेलच्या सरकारी जंगलात जातात. तिथले रस्ते लाकूड वाहण्यासाठी केलेले आहेत, झाडे विसाव्या शतकातली आहेत, आणि तोडणी सुरू असली की फाटकावर पाटी लावून तेही बंद करतात.