तिसऱ्या विभागातून बर्लिनपर्यंत

२४ मे २०२५ च्या रात्री बर्लिनच्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये श्टुटगार्टने आर्मिनिया बिलेफेल्डला ४-२ असं हरवून जर्मन फुटबॉल चषक जिंकला. निकालात धक्कादायक काहीच नव्हतं. धक्का होता तो बिलेफेल्ड तिथे असण्याचा, कारण हा संघ तेव्हा जर्मनीच्या तिसऱ्या विभागात खेळत होता.

या स्पर्धेचा जन्म १९३५ चा, नाझी राजवटीतला. क्रीडाप्रमुख हान्स फॉन चामर उंड ओस्टेन याच्या नावावरून तिला ‘चामरपोकाल’ म्हणत. पहिला चषक न्यूर्नबर्गने शाल्कला २-० ने हरवून नेला. १९४३ नंतर युद्धामुळे खंड पडला आणि १९५२-५३ च्या मोसमात ती ‘डीएफबी पोकाल’, म्हणजे जर्मन फुटबॉल संघटनेचा चषक, म्हणून नव्याने सुरू झाली. बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीच्या पहिल्या विभागाची साखळी स्पर्धा, १९६३ मधली, म्हणजे चषक तिच्यापेक्षा कितीतरी थोरला.

अंतिम सामन्याला तेव्हा ठरलेलं घर नव्हतं. श्टुटगार्टने १९५४ चा चषक लुडविग्जहाफेन शहरात जिंकला, १९५८ चा कासेलमध्ये. १९८८ च्या युरो स्पर्धेच्या यजमान शहरांतून पश्चिम बर्लिन वगळलं गेलं आणि त्याची भरपाई म्हणून १९८५ पासून अंतिम सामना कायमचा तिथे नेला. तिथल्या पहिल्याच सामन्यात युर्डिंगेनने बलाढ्य बायर्नला २-१ ने हरवलं. आज जर्मनीत छोट्या क्लबाने एक फेरी जिंकली, की प्रेक्षक ‘आम्ही बर्लिनला चाललो’ असं गाऊ लागतात.

हे गाणं छोट्यांच्या तोंडी शोभतं, कारण स्पर्धेचा एक नियम त्यांच्या बाजूचा आहे. पहिल्या फेरीत ६४ संघ असतात आणि त्यांत प्रादेशिक चषक जिंकून आलेले हौशी क्लबही असतात. तिसऱ्या किंवा त्याखालच्या विभागातल्या क्लबाची गाठ वरच्या दोन विभागांतल्या क्लबाशी पडली, तर सामना छोट्याच्या मैदानावर होतो आणि हा हक्क उपांत्य फेरीपर्यंत टिकतो. मला हा जगातल्या चषक स्पर्धांमधला सर्वांत उदार नियम वाटतो. परतीचा सामना नाही. जे व्हायचं ते एकाच रात्रीत.

बिलेफेल्डने त्याचं सोनं केलं. २०२२ ला बुंडेसलिगातून आणि २०२३ ला दुसऱ्या विभागातून, अशी लागोपाठ दोनदा घसरण झालेला हा क्लब. ‘आल्म’ या आपल्या जुन्या मैदानावर त्याने आधी दुसऱ्या विभागातल्या हॅनोव्हरला, मग युनियन बर्लिन, फ्रायबुर्ग, वेर्डर ब्रेमेन आणि गतविजेत्या लेव्हरकुसेनला, म्हणजे बुंडेसलिगाच्या चार संघांना हरवलं. एकही सामना बाहेर खेळावा लागला नाही. दहा वर्षांपूर्वी, २०१५ मध्येही तिसऱ्या विभागात असतानाच तो उपांत्य फेरीत पोहोचला होता. तेव्हा याच मैदानावर वोल्फ्सबुर्गने त्याला ४-० ने गारद केलं होतं.

तिसऱ्या विभागातून अंतिम फेरी गाठणारा बिलेफेल्ड चौथा. १९९३ मध्ये हेर्टाचा हौशी राखीव संघ तिथे पोहोचला आणि उल्फ किर्स्टेनच्या एकमेव गोलने लेव्हरकुसेनकडून हरला. ज्या शहरात अंतिम सामना होतो त्याच शहरातल्या हेर्टाचा मुख्य संघ मात्र १९८५ पासून तिथे एकदाही पोहोचलेला नाही. १९९७ ला कोटबुस, २००१ ला युनियन बर्लिन. दोघेही २-० ने हरले. कोटबुसला हरवणारा संघ श्टुटगार्टच होता. दोन्ही गोल जोवानी एल्बरचे, प्रशिक्षक योआखिम ल्योव. २०२५ च्या आधीचा श्टुटगार्टचा तो शेवटचा चषक होता. (मुंबईशी १९६८ पासून भगिनीशहराचं नातं असलेलं श्टुटगार्ट ते हेच.)

म्हणून २०२५ चा सामना श्टुटगार्टसाठीही साधा नव्हता. २०२३ मध्ये बुंडेसलिगातलं स्थान वाचवायला त्याला हॅम्बुर्गविरुद्ध जादा सामने खेळावे लागले होते. प्रशिक्षक सेबास्टियान ह्योनेसच्या हाताखाली पुढच्याच मोसमात तो दुसरा आला. चषकाच्या वर्षी पुन्हा घसरून नववा, म्हणजे युरोपातल्या क्लब स्पर्धांत जायचं तर बर्लिनमधूनच जावं लागणार होतं.

अठ्ठावीस मिनिटांत ३-० झालं, मग ४-०. तरीही शेवटच्या दहा मिनिटांत बिलेफेल्डचे दोन गोल झाले, आणि त्यांच्या प्रेक्षकांनी दोन्ही गोल चषक जिंकल्यासारखे साजरे केले.